गुरुवारचा निरोप

नलू,

तू गेल्याची बातमी तुझ्या भास्कररावांनी फोनवर आधी आमच्या श्रीकांतना सांगितली आणि मग मला. रिसीव्हर माझ्या हातात आला तेव्हा पलीकडे भास्करराव रडत होते. मीही रडले. आणि रडता रडताच मनात येऊन गेलं, मैत्रीण माझी, मग आधी यांना का सांगितलं? बघ, तू गेलीस त्या मिनिटालाही माझी ही खोड सुटली नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या बायका मागे लागल्यात, अंकासाठी तुझ्यावर लिहा म्हणून. "तुम्ही दोघी कॉलेजपासूनच्या ना, तुमच्याइतकं कोण लिहिणार?" मी म्हटलं, देते, पण त्यातला एक शब्दही कापायचा नाही. त्यांनी हो म्हटलंय. त्यांना वाटतंय मी तुझ्या पुरणपोळीबद्दल आणि गणपतीतल्या नाटकाबद्दल लिहीन.

पुण्यात एम.एस्सी.ला जिऑलॉजीच्या वर्गात मुली आपण दोघीच. मी पहिली आले, तू दुसरी. हे मी तुला आयुष्यभर विसरू दिलं नाही आणि तू ते कधी मनावर घेतलं नाहीस, यातच काय ते आलं. मी वह्या सुबक ठेवायची. तू दगड दिसला की नखाने ओरखडायचीस, वास घ्यायचीस, आणि कुणी बघत नसलं तर जीभ लावायचीस. सर म्हणायचे, "नलिनी, हे नमुने परीक्षेला ठेवायचेत, संपवू नका." सगळे हसायचे. मीही हसायचे, आणि वसतिगृहात खोलीत एकटी असताना एकदा मीही दगडाला जीभ लावून पाहिली. मला काहीच कळलं नाही. नुसती धुळीची चव.

लग्न होऊन मी तुझ्याआधी दोहाला आले. श्रीकांत इथे कंत्राटदाराकडे सिव्हिल इंजिनिअर. अल नस्रमधला तो तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, दोन खोल्या आणि खिडकीतला घरघरणारा एसी. माती आणि दगड तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत जागा निघाली तेव्हा तिथल्या लोकांनी आधी मला विचारलं होतं, नलू. हे तुला माहीत होतं, पण आपण त्यावर कधी बोललो नाही. माझी केतकी तेव्हा आठ महिन्यांची. मी म्हटलं, दोन वर्षांनी बघू. आणि भास्कररावांना इथल्या बँकेत नोकरी लागली, तू यायला कुरकुर करत होतीस, म्हणून मीच तुला पत्र लिहिलं. ये, तुझ्यासाठी काम आहे इथे. तू आलीस, आमच्या खालच्याच मजल्यावर राहिलीस, आणि त्या प्रयोगशाळेतलं खिडकीजवळचं टेबल तुझं झालं. दोन वर्षांनी बघायला माझ्यासाठी काही उरलं नाही.

अनघा झाल्यावर तू दोन महिन्यांत कामावर परत गेलीस. सकाळी तिला माझ्याकडे सोडायचीस. मी तिला वरणभात भरवायची, झोपवायची, तिच्या दातांच्या तारखा लिहून ठेवायची. तू संध्याकाळी यायचीस ती चुनखडीने पांढरे झालेले हात घेऊन, आणि दारातूनच सुरू व्हायचीस. "विजे, आज एका बोअरमधून काय दगड निघालाय! नुसता स्पंजसारखा!" अनघा तुझ्याकडे झेपावायची. मी चहा ठेवायला आत जायची. त्या चहाच्या आधणासमोर उभं राहून मी काय काय म्हटलं असेल तुला, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एका शुक्रवारी आपण सगळे पिकअपमधून वाळवंटातलं ते दहल बघायला गेलो होतो. सपाट माळावर एकदम जमीन खचून झालेला तो मोठा खड्डा, आत उतरती गुहा. इथले लोक अशा जागांना दहल म्हणतात. तू साडी खोचलीस, टॉर्च घेतलास आणि श्रीकांतच्या पाठोपाठ खाली उतरलीस. भास्करराव गाडीच्या सावलीत पेपर वाचत बसले. दोन्ही पोरी माझ्या मांडीवर. खालून तुम्हा दोघांचे आवाज घुमत वर येत होते, शब्द कळत नव्हते. अर्ध्या तासाने तू घामेघूम होऊन वर आलीस आणि म्हणालीस, "विजे, वर कोरडं ठणठणीत आणि खाली पाणी आहे! चुनखडी विरघळत गेली ना, की असं होतं. पाणी आपली वाट खाऊन खाऊन मोठी करतं."

मला माहीत होतं ते. त्या प्रश्नाला मला तुझ्यापेक्षा चार मार्क जास्त होते.

मग बोगद्याचं काम आलं. दोहा वाढत होतं. समुद्राचं गोडं केलेलं पाणी घरोघर येत होतं, बागांना सोडलं जात होतं, नळांतून गळत होतं, आणि ते सगळं खाली मुरून जमिनीतलं पाणी वर वर चढत होतं. पाऊस नाही, नदी नाही, आणि लोकांच्या तळघरांत घोट्यापर्यंत पाणी. त्यासाठी शहराखालून सांडपाण्याचा बोगदा काढायचा होता, माणूस वाकून उभा राहील एवढाच. श्रीकांत त्यावर सेक्शन इंजिनिअर झाले आणि दगडाचे नमुने तुझ्याकडे येऊ लागले.

तेव्हापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर तू रोज असायचीस. "नलिनीताई म्हणतात, इथे जिप्सम आहे." "नलिनीताईंना विचारतो." एकदा श्रीकांतनी एका बोअरचा कागद घरी आणला. दगडाचा गोल दांडा बोअरमधून सलग वर यायला हवा. त्यात मध्येच दीड मीटर दगड आलाच नव्हता. मी चष्मा लावून तो कागद पाहिला आणि म्हटलं, तिथे मऊ दगड असणार, ड्रिलवाल्यांनी घाईत पाण्याबरोबर धुऊन घालवला. श्रीकांत "हं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी तू आमच्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणालीस, "नाही विजे. तिथे पोकळी आहे. ड्रिलचं पाणी वर यायचं एकदम थांबलं, तसं लिहिलंय त्यांनी. पाणी कुठेतरी गेलं ना?"

"ड्रिलवाले काहीही लिहितात."

"तू कधी बघितलंयस त्यांना काम करताना?"

तू सहज विचारलंस. तुला टोचायचं नव्हतं, मला ठाऊक आहे. पण मी त्यानंतर तुझ्याशी दोन दिवस नीट बोलले नाही. केतकीचं निमित्त सांगितलं.

आता त्या गुरुवारचं लिहिते.

बोगद्यात पाणी येऊ नये म्हणून बाजूने विहिरी पाडून त्यांत पंप टाकले होते. तू रोज त्या पंपांच्या पाण्याच्या बाटल्या मागवायचीस आणि तुझ्या खिडकीत ओळीने ठेवायचीस. गुरुवारी दुपारी तुझा फोन आला.

"विजे, श्रीकांतराव आहेत?"

"मेसईदला गेलेत, नवे पंप बघायला. संध्याकाळी येतील."

"मग तूच नीट ऐक. तीन नंबरच्या पंपाचं पाणी पांढुरकं यायला लागलंय. बाटली ठेवून दिली की तळाला बोटभर गाळ बसतो. म्हणजे पंप पाण्याबरोबर आतली माती ओढतोय. पोकळी मोठी होतेय, आणि ती बोगद्याच्या तोंडासमोरच असणार. उद्या सुट्टीच आहे, पण शनिवारी खोदू नका म्हणावं. आधी पुढे दहा फूट भोक पाडून बघा, मगच खोदा."

"तुझ्या साहेबांना सांगितलंस का?"

"ते दुपारच्या विमानाने सुट्टीवर गेले. लेखी द्यायचं तर त्यांची सही लागते. आणि आम्ही आत्ता दुखानला निघतोय, भास्करच्या मित्राकडे, उद्या येऊ. सांगशील ना नक्की? विसरू नकोस हं."

मी कागदावर लिहून घेतलं. खरंच सांगणार होते, नलू. माझ्या हस्ताक्षरात तो कागद फोनशेजारी होता.

संध्याकाळी श्रीकांत आले. केतकीला सकाळपासून ताप होता, त्यांना ते माहीत होतं. त्यांनी बूटसुद्धा काढले नव्हते. दारातूनच विचारलं, "नलिनीताईंचा फोन आला होता का?"

मी म्हटलं, "नाही."

एवढंच. काही ठरवून बोलले नाही. तो शब्द तोंडातून गेला आणि मला फार बरं वाटलं, हेही लिहिते. ते बूट काढत म्हणाले, "मग ठीक असेल. काही असतं तर त्यांनी कळवलंच असतं." आणि मग केतकीच्या कपाळाला हात लावायला गेले. मी तो कागद फाडून कचऱ्यात टाकला. मनाशी म्हटलं, हिला वाटतं सगळीकडे पोकळ्या आहेत. मऊ दगड आहे तो. बघू कुणाचं खरं ठरतं.

शुक्रवारी संध्याकाळी जिन्यात तू भेटलीस, हाताला अनघा, खांद्याला पिशव्या. "सांगितलंस ना?" म्हणालीस. मी "हो" म्हटलं. पहिलं खोटं तोंडातून निसटलं होतं, हे दुसरं मात्र मी विचार करून बोलले. तुला कितीतरी पायऱ्या वर चढून जाऊ दिलं मी. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास बोगद्याचं तोंड फुटलं. आधी पांढरा चिखल आत आला, मग त्याच्यामागून पाणी. आत तिघे होते. दोघे बाहेर पळाले. तिसरा महादू, माण तालुक्यातला, गावाकडे विहिरी खोदायचा. त्याचा पाय दगड वाहायच्या लोखंडी गाडीखाली सापडला. त्याला काढलं, जिवंत काढलं, पण डावा पाय घोट्याच्या वर कापावा लागला.

श्रीकांत दुपारी घरी आले ते नखशिखांत पांढरे. कपडे बदलून परत हॉस्पिटलला जायचं होतं. तेवढ्यात तू टॅक्सीने आलीस, धापा टाकत. श्रीकांत खुर्चीत बसले होते. तुला बघून त्यांना रडू फुटलं. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. "ताई," ते म्हणाले, "एक फोन केला असता तर."

तू माझ्याकडे बघितलंस.

मी पाण्याचा पेला हातात घेऊन उभी होते. तू किती वेळ बघितलंस मला सांगता येणार नाही. मला वाटलं, आता बोलशील. मी वाट बघत होते, बोल म्हणून. तू त्यांच्याकडे वळलीस आणि म्हणालीस, "चुकलं माझं, श्रीकांतराव."

चौकशीतही तू तेच सांगितलंस. गुरुवारी पाणी गढूळ झालेलं तुम्हाला माहीत होतं? हो. साइटवर कळवलं? नाही, लेखी देणार होते. श्रीकांतनी मला जेवताना हे सांगितलं, फार वाईट वाटून. "इतकी हुशार बाई, आणि असं कसं केलं?" पोळीचा तुकडा माझ्या हातात तसाच राहिला. तोंड उघडायला तेव्हाही उशीर झाला नव्हता. महिन्याभराने तुला नोकरीवरून काढलं.

तू तसं का केलंस, यावर मी इतका विचार केलाय की त्याचा आता चोथा झालाय. आमचा संसार मोडू नये म्हणून? तेवढी तू मायाळू होतीस. की माझी कीव आली? की तुला वाटलं, हिच्याशी भांडण्याइतकीही हिची लायकी नाही? ज्या दिवशी माझं मन चांगलं असायचं त्या दिवशी मी पहिलं मानायची. बाकीचे दिवस मला वाटायचं, हिने मला जन्मभरासाठी खाली बसवून ठेवलं आणि स्वतः उंच जाऊन बसली. पाप मी केलं, आणि त्यातही मोठी तूच ठरलीस. मला त्याचाही हेवा वाटला, नलू. माझ्याच्याने ते झालं नसतं, हे मला ठाऊक होतं म्हणून.

पण तू अगदीच काही देवी नव्हतीस, ते बरं झालं. त्या दिवसानंतर तू कधीही माझ्याजवळ निरोप ठेवला नाहीस. श्रीकांतना साधं बल्ब आणायला सांगायचं असलं तरी ते येईपर्यंत थांबायचीस, किंवा पुन्हा जिना चढून यायचीस. "अगं, मी सांगते ना त्यांना," मी म्हणायची. "राहू दे, येईन मी परत," तू हसून म्हणायचीस. हे मला आणि तुलाच कळायचं. शिक्षा म्हणून ती पुरेशी होती.

महादू दीड महिना हॉस्पिटलमध्ये होता. डबा आपण दोघी आळीपाळीने न्यायचो. माझ्या डब्यात दोन भाज्या असायच्या, तुझ्या डब्यात एकच. तो मला "वैनी" म्हणायचा आणि तुला "आक्का". एकदा आपण दोघी गेलो तेव्हा तू त्याला सरळ विचारलंस, दगड फुटायच्या आधी काय दिसलं?

"दिसलं काय न्हाय आक्का. आदी गार लागलं. भिताडातनं गार झुळूक आल्यावानी. मी म्हनलं थांबा रं, हितं पानी हाय. तवर भिताडच फुडं आलं बगा."

तू त्याचा हात धरून बसलीस. तो म्हणाला, "आक्का, तुमी कशापायी रडताय? तुमी काय केलं?" मी खिडकीपाशी उभी होते. तो गावी गेल्यावर दर दिवाळीला त्याचं पत्र यायचं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं, तुझ्या नावाने. शेवटी एक ओळ असायची, "वरच्या वैनींना नमस्कार." त्या ओळीवरसुद्धा माझा हक्क नव्हता, तरी ती एकच ओळ आहे याचं मला वाईट वाटायचं.

आणि आपलं ते भांडण? पंप वाढवून, चिखल उपसून जागा मोकळी केली तेव्हा श्रीकांतनी आत जाऊन पाहिलं. तिथे पोकळी होती, तुझं खरं. पण ती मऊ मातीने गच्च भरलेली होती, म्हणजे थोडं माझंही खरं. पंपांनी ती माती हळूहळू ओढली आणि मागचं पाणी मोकळं झालं. आपण दोघींनी एका टेबलावर बसून तो कागद बघितला असता, तर हे आधीच आपल्या लक्षात आलं असतं. दोघींच्या डोक्यात अर्धं अर्धं होतं.

मी एकदा बोलायचा प्रयत्न केला. अल वक्राच्या किनाऱ्यावर, पोरी वाळूत खेळत होत्या, पुरुषमंडळी मासे बघायला गेली होती. "नलू, त्या गुरुवारी..." एवढंच म्हणाले. तू समुद्राकडे बघत होतीस. म्हणालीस, "माझ्याशी नको बोलू विजे. मला माहीत आहे ते. बोलायचं असेल तर श्रीकांतरावांशी बोल." आणि उठून पाण्यात जाऊन उभी राहिलीस. मी श्रीकांतशी बोलले नाही. तू वाट बघितली असशील. वर्षं गेली. तू घरी मुलांच्या सायन्सच्या शिकवण्या घेतल्यास, दगडांचं नाव काढलं नाहीस. खिडकीत मनीप्लँट लावलास.

मग तुझं आजारपण. शेवटच्या महिन्यात मी रोज हॉस्पिटलमध्ये यायची, तुझे केस विंचरायची. माझ्याशी तू लोणच्याच्या मिठाबद्दल बोलायचीस. श्रीकांत आले की उशी उंच करून घ्यायचीस आणि विचारायचीस, "कुठल्या भागात पाणी चढलंय हल्ली? बोअर घेतले का नवे?" तुझा आवाजसुद्धा बदलायचा. मरणाच्या दारात असलेल्या बाईचाही मला हेवा वाटला, यापुढे आणखी काय सांगू?

तुला पुण्याला नेलं. मी विमानतळापर्यंत आले. तेराव्यानंतर भास्करराव आणि अनघा परत आले, तिची परीक्षा आहे म्हणून. त्यानंतरच्या शुक्रवारी सकाळी श्रीकांत पोहे खात होते. मी समोर बसले आणि सांगितलं. फोन, कागद, "नाही", आणि जिन्यातलं "हो". सगळं.

त्यांनी बशी बाजूला सरकवली. ओरडले नाहीत. म्हणाले, "काय म्हणाल्या होत्या त्या? शब्दशः सांग."

मी सांगितलं. एकही शब्द विसरले नव्हते. दहा फूट, तीन नंबरचा पंप, बोटभर गाळ. ते मान खाली घालून ऐकत होते. मग उठून त्यांनी चपला घातल्या. "चल खाली," म्हणाले.

"आत्ता?"

"मी नऊ वर्षं त्या घरात जाऊन चहा प्यायलो, विजया. त्यांनी चूक केली असं मनात धरून. चल."

भास्कररावांनी दार उघडलं. अनघा टेबलाशी वह्या घेऊन बसली होती. मी उभ्यानेच सांगितलं. भास्करराव भिंतीला टेकले आणि म्हणाले, "मलासुद्धा नाही बोलली ती."

अनघाला मराठी सगळं कळतं, पण ती उत्तर इंग्रजीतच देते, शाळेने तिची जीभच तशी वळवलीय. तिने इंग्रजीतच विचारलं, म्हणजे ती आईची चूक नव्हती? त्या वाक्यात 'आई' तेवढं मराठी होतं. नलू, त्या पोरीने सहा वर्षांची असल्यापासून ऐकलं होतं, की तिच्या आईच्या हलगर्जीपणाने एका माणसाचा पाय गेला. शाळेच्या बसमध्ये तिला कुणीतरी तसं म्हटलंही होतं. ते मला तेव्हा कळलं.

"नाही," मी म्हटलं. "माझी होती."

ती उठली. माझ्या हातचा वरणभात खाऊन चालायला शिकलेली पोर. दारापाशी गेली, दार सताड उघडलं आणि कडीला हात लावून उभी राहिली. ओठ थरथरत होते.

"विजूमावशी, तू जा," ती मराठीत म्हणाली.

मी श्रीकांतकडे बघितलं. ते भास्कररावांच्या शेजारी बसले होते. उठले नाहीत.

मी एकटीच जिना चढून वर आले. मला अनघाचा राग आला नाही, श्रीकांतचाही नाही. माझ्यासाठी कुणी कधी असं थरथरत दार उघडून उभं राहील का, एवढंच मनात येत होतं. केतकी राहील का, मला खरंच माहीत नाही. तू या जगात नाहीस, आणि तुझ्या बाजूने उभी राहणारी दोन-तीन माणसं खालच्या मजल्यावर एका खोलीत बसली होती. मी वर पोह्यांच्या बशा उचलल्या, विसळल्या, आणि मला तुझा हेवा वाटला, नलू. अजून वाटतो आहे.